गोळी तीच, देश वेगळा: परदेशी जाताना पेनकिलर नेताय?

ऐकताना कुणी लोकलमध्ये असेल, कुणी ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल, कुणी भांडी घासत असेल. जे घरी आहेत त्यांना आज आधी एक काम सांगते. घरातला औषधांचा डबा काढा. त्यातली दुखण्याची कुठलीही स्ट्रिप घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. वर मोठ्या अक्षरात जे छापलंय ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात असतो तो कंटेंट. आजचा सगळा एपिसोड त्या बारीक अक्षरांबद्दल आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. मी बी.टेक. केलेली, पुण्यात नोकरी करणारी साधी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझ्या टीममधून दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ऑनसाइट जातं. कुणी टोकियोला, कुणी दुबईला, कुणी सिंगापूरला. व्हिसा, फॉरेक्स कार्ड, थर्मल, गरम मसाला, लोणचं, सगळ्याची यादी होते. औषधांच्या बाबतीत मात्र एकच वाक्य ऐकू येतं, ‘अगं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना, मग काय!’

तर मंडळी, इथेच थांबूया. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे. हे औषध तुम्हाला का लागतं, एवढंच ती चिठ्ठी सांगते. ते त्या देशात न्यायला चालतं की नाही, हे त्या देशाचा कायदा ठरवतो. साताऱ्यातल्या किंवा नाशिकमधल्या डॉक्टरांच्या सहीने तिथला कायदा बदलत नाही.

आता बघूया की असं का आहे. आपल्याला वाटतं, औषध म्हणजे औषध, जगभर सारखंच असणार. तसं नाहीये. दुखण्याच्या औषधांचे साधारण दोन गट करा. पहिल्या गटात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अशी नेहमीची औषधं. यांच्यावर नार्कोटिक्सचा शिक्का नाही. प्रवासापुरती नेली तर सहसा कुणी अडवत नाही. दुसऱ्या गटात येतात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुटुंबातली किंवा तिच्यासारखं काम करणारी औषधं. मॉर्फिन आणि कोडीन अफूपासून येतात. ऑक्सिकोडोन, फेंटानिल, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल ही कारखान्यात तयार होतात, पण मेंदूत त्याच दारावर टकटक करतात. दुखणं खरंच कमी होतं, पण सवयही लागू शकते. खरी अडचण या दुसऱ्या गटात आहे.

मॉर्फिन, कोडीन वगैरेंसाठी १९६१ सालचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात कुठलं औषध कुठल्या यादीत ते ठरलेलं आहे. झोपेच्या आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी १९७१ चा दुसरा करार आहे. पण गंमत बघा, ट्रामाडोल या दोन्हींच्या याद्यांमध्ये नाही! जागतिक आरोग्य संघटनेने यावर अनेकदा चर्चा केली. यादीत टाकलं तर गरीब देशांतल्या रुग्णांना दुखण्यावर मिळणारं एक स्वस्त औषध दुर्मिळ होईल, अशी काळजी होती. म्हणून ते बाहेर राहिलं. परिणाम काय, तर प्रत्येक देशाने आपापला नियम केला. आमच्या भाषेत सांगायचं तर कॉमन स्टँडर्डच नाही, प्रत्येक सर्व्हरचं कॉन्फिगरेशन वेगळं.

आपल्याकडे २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रामाडोल एनडीपीएस कायद्याखाली आलं. त्याआधीही ते चिठ्ठीवरच मिळायचं, पण आता अमली पदार्थांचा कायदा त्याला लागू आहे. इजिप्तमध्ये ट्रामाडोलच्या व्यसनाने इतका त्रास झाला की तिथे नियम फार कडक आहेत. आणि जपानमध्ये? जपानमध्ये ट्रामाडोल नार्कोटिकच्या यादीत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या इतर औषधांसारखंच ते धरलं जातं. म्हणजे एकच गोळी, एका विमानतळावर साधं औषध आणि दुसऱ्या विमानतळावर तुरुंगाचं कारण.

तुरुंग म्हटलं की वाटतं, ही जरा जास्तच सांगतेय. म्हणून दोन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली इजिप्तची. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये एक ब्रिटिश महिला सुट्टीसाठी हुरघाडा नावाच्या समुद्रकाठच्या गावी उतरली. सामानात ट्रामाडोलच्या २९० गोळ्या होत्या. तिचं म्हणणं होतं की तिकडे राहणाऱ्या जोडीदाराची पाठ दुखते, त्याच्यासाठी आणल्या. इजिप्तमध्ये हे चालत नाही, याची तिला कल्पना नव्हती. कोर्टाने डिसेंबरमध्ये ३ वर्षांची शिक्षा सुनावली. ती सुटली २०१९ च्या जानेवारीत.

दुसरी गोष्ट जपानची, आणि ही बाई साधीसुधी नव्हती. ज्युली हॅम्प, टोयोटा कंपनीची पहिली महिला मॅनेजिंग ऑफिसर. २०१५ च्या जूनमध्ये तिला टोकियोत अटक झाली. अमेरिकेतून तिच्या नावाने एक पार्सल आलं होतं आणि त्यात ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या होत्या. गुडघेदुखीसाठी मागवल्या, असं तिचं म्हणणं होतं. सुमारे २० दिवस ती कोठडीत होती. शेवटी आरोप न ठेवता सोडलं, पण तोवर नोकरीचा राजीनामा देऊन झाला होता. पाठीशी टोयोटासारखी कंपनी असलेल्या व्यक्तीची ही गत, तर टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या आपल्या काका-काकूंचं काय होईल, विचार करा.

हे ऐकून तुमच्यातले काही जण म्हणतील, ‘नकोच ती भानगड! औषधं घरीच ठेवू.’ मंडळी, मला आज मुख्यतः याच वाक्याबद्दल बोलायचंय. कारण आमच्या घरात नेमकं हेच घडलंय.

माझी मावशी साताऱ्याला असते. काही वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण डाव्या पायातली कळ काही गेली नाही. तिला दोन गोळ्या चालू होत्या. एक रात्रीची, ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. दुसरी नसांची, प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिनची. तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, शारजाला राहते. ताईच्या बाळंतपणासाठी मावशी निघाली. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा झाला, बाळाच्या मालिशीचं तेल झालं. जायच्या दोन दिवस आधी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, ‘दुबईला दुखण्याची गोळी नेली तर थेट जेल!’ झालं. मावशीने दोन्ही गोळ्या घरी ठेवल्या आणि साधी पॅरासिटामॉल आणि बाम घेऊन विमानात बसली.

पहिला दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम, हातापायाला कंप, डोळ्याला डोळा नाही, नुसती बेचैनी. पायातली कळ तर होतीच. सगळ्यांना वाटलं, हवा मानवली नाही, नाहीतर फ्लू असेल. तिथल्या डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा कळलं की रोजच्या गोळ्या एकदम बंद केल्याचा हा परिणाम आहे. ट्रामाडोल आणि प्रीगॅबालिन, दोन्ही रोज चालू असतील तर एकदम थांबवायची नसतात, हळूहळू कमी करायची असतात. नातवाला आंघोळ घालायला गेलेली बाई स्वतःच आठवडाभर अंथरुणाला खिळली. ओली बाळंतीण ताई तिची उस्तवार करत होती. मावशीला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणते, ‘पोरीला हातभार लावायला गेले आणि भार होऊन बसले.’

म्हणून म्हणते, न विचारता औषध नेणं जितकं धोक्याचं, तितकंच न विचारता घरी ठेवणंही. तो फॉरवर्ड पूर्ण खोटा नव्हता, पण अर्धवट होता. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडोल, कोडीन आणि प्रीगॅबालिन या तिन्हींवर नियंत्रण आहे, हे खरं. पण तिथल्या सरकारने प्रवाशांसाठी आधी परवानगी मागायची सोयही केलेली आहे. ऑनलाइन अर्ज असतो. त्याला चिठ्ठी, डॉक्टरांचा रिपोर्ट, पासपोर्टची प्रत अशी कागदपत्रं लागतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते लिहिलं नव्हतं आणि ग्रुपवर कुणी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मावशी पुन्हा निघाली. या वेळी दोन महिने आधी आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्रामाडोल हळूहळू कमी करत बंद केलं. प्रीगॅबालिन चालू ठेवलं आणि इंग्रजीत नीट रिपोर्ट दिला. ताईने आणि मी मिळून अर्ज भरला. मंजुरी आली, तिची प्रिंट मावशीच्या पर्समध्ये, एक कॉपी मोबाइलमध्ये. मावशी गेली, तीन आठवडे राहिली आणि नातवाच्या मागे धावून आली. पाय दुखला, नाही असं नाही. पण तिची औषधं तिच्याजवळ होती.

प्रीगॅबालिनबद्दल थोडं आणखी सांगते, कारण आपल्याकडे ही गोष्ट सर्रास नजरेतून सुटते. सायटिका, मणक्याचा त्रास, डायबेटिसमुळे पायांची जळजळ, या सगळ्यांत हे औषध दिलं जातं. बरेचदा ते मिथाइलकोबालामिनसोबत एकाच गोळीत असतं. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२. त्यामुळे घरात सगळे त्याला ‘नसांची व्हिटॅमिनची गोळी’ म्हणतात. आई-बाबांना विचारलं, ‘कडक औषधं काही आहेत का?’ तर ते म्हणणार, ‘नाही गं, एक बीपीची आणि एक व्हिटॅमिनची.’ पण प्रीगॅबालिनवर ब्रिटनमध्ये २०१९ च्या एप्रिलपासून नियंत्रण आहे, अमेरिकेतही ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. म्हणून विचारू नका, स्ट्रिप हातात घेऊन वाचा.

आणि खसखस! हसू नका. दिवाळीत अनारसे करतो, वर खसखस लावतो. ही खसखस अफूच्याच झाडाचं बी. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. तेव्हा फराळाचा डबा दुबईला जाणार असेल तर अनारसे वगळा, चकली-चिवडा पाठवा. लाडवातही खसखस घातली आहे का, ते आईला आधीच विचारा.

आता जपानला जाणाऱ्यांसाठी. आपल्या पुण्यातून जपानी शिकून तिकडे जाणारे किती आहेत, तुम्हाला माहीत आहे. तिथला ढोबळ नियम असा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं साधं औषध स्वतःपुरतं एक महिन्याचं नेता येतं, बिनचिठ्ठीचं दोन महिन्यांचं. त्याहून जास्त न्यायचं असेल तर आधी एक प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याचं नाव युन्यू काकुनिन-शो. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिलसारखी नार्कोटिक औषधं असतील तर तिथल्या नार्कोटिक्स कंट्रोल विभागाची आधी मिळवलेली परवानगी हवीच, आणि ती औषधं स्वतःच न्यायची. मागाहून कुरिअरने मागवायची नाहीत, दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाहीत. टॅपेंटाडोल जपानमध्ये याच नार्कोटिक यादीत येतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते चालतच नाही. आणि अँफेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, त्याला परवानगीचा रस्ताच नाही.

सिंगापूरलाही कोडीन किंवा डायझेपामसारखी औषधं असतील तर तिथल्या हेल्थ सायन्सेस अथॉरिटीची मंजुरी आधी घ्यावी लागते.

बरं, कस्टमवाले भारतीय गोळ्यांकडे एवढ्या संशयाने का बघतात? त्याला कारण आहे. ट्रामाडोल आणि त्याच्या भाऊबंदांचा मोठा अवैध व्यापार इजिप्त, पश्चिम आफ्रिका या भागांत झाला आणि त्यातला बराच माल भारतातून गेलेला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने टॅपेंटाडोल आणि कॅरिसोप्रोडोल एकत्र असलेल्या गोळीचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. ती पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकली जाते, अशा बातम्या आल्यावरची ही गोष्ट. तेव्हा तुमच्या बॅगेत सुट्ट्या गोळ्यांची पिशवी दिसली तर समोरच्या अधिकाऱ्याला तुमची मावशी दिसत नाही, तो व्यापार दिसतो. त्याला मावशी दाखवायचं काम तुमच्या कागदांचं.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगते. स्क्रीनशॉट घेणाऱ्यांनी इथे घ्या.

एक. निघायच्या किमान दोन महिने आधी सगळ्या औषधांचे कंटेंट एका कागदावर लिहा. ब्रँड नाही, कंटेंट आणि मिलिग्रॅम. खोकल्याचं सिरपसुद्धा, कारण त्यात कोडीन असू शकतं. झोपेची आणि चिंतेची गोळीसुद्धा.

दोन. त्या देशाच्या आरोग्य खात्याची किंवा वकिलातीची वेबसाइट बघा. व्हिएन्नामध्ये इंटरनॅशनल नार्कोटिक्स कंट्रोल बोर्ड आहे, त्यांच्या वेबसाइटवर प्रवाशांसाठी देशवार माहिती असते. तिथून सुरुवात करा, पण शेवटचा शब्द त्या देशाच्या सरकारी पानाचा. रील, फॉरवर्ड, ‘माझा मित्र तर घेऊन गेला होता, काही झालं नाही’, हे पुरावे नाहीत. आणि हो, हा पॉडकास्टसुद्धा पुरावा नाही. नियम बदलतात, तारीख बघून वाचा. उत्तर सापडलं नाही तर वकिलातीला ई-मेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

तीन. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. विचारा, याला पर्याय आहे का? असेल तर तो घरी असतानाच सुरू करून बघा, म्हणजे मानवतो की नाही ते कळेल. परदेशात पोहोचून प्रयोग नको. पर्याय नसेल तर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं जेनेरिक नाव, रोजचा डोस, किती दिवसांसाठी, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच. अक्षर वाचता येईल असं! शक्य असेल तर टाइप करूनच घ्या.

चार. परवानगी लागत असेल तर ती हातात आल्याशिवाय ते औषध बॅगेत टाकू नका.

पाच. पॅकिंग. आपल्याकडे मेडिकलवाले दादा स्ट्रिप कापून चार-चार गोळ्या देतात आणि नेमका नावाचा तुकडा त्यांच्याकडे राहतो. प्रवासासाठी अख्खी स्ट्रिप घ्या, बॉक्ससकट आणि बिलासकट. सोमवार-मंगळवारचे कप्पे असलेली डबी छान असते, पण ती तिकडे पोहोचल्यावर भरा. नियमित औषधं केबिन बॅगेत. संख्या प्रवासाच्या दिवसांना जुळेल अशी, उशीर झाला तर म्हणून थोडी जास्त, पण त्या देशाच्या मर्यादेतच.

सहा. मधे विमान बदलायचं असेल तर त्या देशाचाही नियम बघा. ट्रान्झिटमध्ये असलात तरी तुम्ही त्यांच्याच कायद्याच्या हद्दीत असता. फ्लाइट रद्द होऊन हॉटेलवर जायची वेळ आली तर बॅग कस्टममधून जाणारच.

सात. उतरल्यावर शंका असेल तर लाल चॅनलने जा, कागद दाखवा, विचारा. लपवलेलं सापडणं आणि स्वतःहून दाखवणं, यात फार फरक पडतो.

आणि आठवं, सगळ्यात कठीण. दुसऱ्याचं औषध, दुसऱ्याचं पाकीट घेऊ नका. ‘आमच्या बंड्याला एवढं देशील का गं?’ हे प्रेमाने येतं, नाही म्हणणं जड जातं. पण २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला फिरायला गेलं. नात्यातल्या एका बाईंनी जर्दा म्हणून दिलेल्या पाकिटात ४ किलोहून जास्त चरस निघालं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. भारतातून पाठपुरावा झाला, पुरावे गेले, मग २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले. तोवर त्यांच्या मुलीचा जन्म तुरुंगात झाला होता. तेव्हा सरळ सांगा, ‘काकू, बंड्याला तिथल्या डॉक्टरांकडे जाऊ दे. हवं तर मी त्याला अपॉइंटमेंट घेऊन देते.’

हे सगळं ऐकायला किचकट वाटतं, मान्य आहे. पण बघा, हे अर्ज, पीडीएफ, ई-मेल आपल्या पिढीला पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्यांना या गोळ्या लागतात ते बहुतेक आपले आई-बाबा, मामा-मावश्या असतात. ते मोठ्या हौसेने तिकडे नातवंडं बघायला निघतात, आणि फॉर्म इंग्रजीत दिसला की गप्प बसतात. कुणाला त्रास नको म्हणून एक तर गोळ्या लपवून नेतात, नाहीतर त्या घरी ठेवून दुखणं सोसतात. दोन्ही करायची गरज नाही. त्यांचं दुखणं खरं आहे, औषधही त्यांच्या हक्काचं आहे, फक्त कागद आधी हवेत.

तर या आठवड्याचं काम. घरातून कुणी परदेशी निघणार असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या शेजारी बसा, गोळ्यांच्या स्ट्रिप मागून घ्या आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून कागदावर उतरवा. चष्मा त्यांचा, डोळे तुमचे. हा एपिसोड त्यांनाही पाठवा, फॅमिली ग्रुपवर टाका. प्रश्न असतील तर पाठवा, पण तुमच्या डॉक्टरांना आणि त्या देशाच्या वकिलातीला आधी विचारा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!